मांडीवरचा प्रवासी

दौंडच्या गाडीत तान्हे मूल रडू लागले की अनोळखी बायाही ‘काय झालं गं बाळाला?’ म्हणत पुढे सरकतात. शिरूरला रेल्वे नाही, तिथे हेच एसटीत घडते. याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या गर्दीत मुलाची आबाळही होतेच. पण रडणे हा तिथे अपराध ठरत नाही. याच तालुक्यांतली नोकरदार जोडपी आता लोहगावहून तान्ह्यासह विमानात बसतात, तेव्हा मात्र आसपासच्या नजरा बदलतात.

वास्तविक त्या रडण्याला कारण असते. विमान उतरताना आतला हवेचा दाब वाढत जातो. कान आणि घसा यांना जोडणारी नळी तान्ह्यात अरुंद असल्याने दाब लवकर समान होत नाही व कान ठणकतो. आपण आवंढा गिळतो. बाळाला तसे सांगता येत नाही, म्हणून विमान उतरताना त्याला अंगावर पाजावे, असे डॉक्टर सुचवतात.

कंपन्यांनी विचार केला तो मोठ्यांच्या कानांचा. इंडिगोने 2016 मध्ये काही रांगा ‘शांत’ ठरवून 12 वर्षांखालील मुलांना तिथे मज्जाव केला. पण दोन वर्षांखालील मुलाचे काय? त्याला तिकीट असते, आसन नसते. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेडचे 232 क्रमांकाचे विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्यांना पायाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यांतले एक दगावले. मुलाला स्वतंत्र आसन हवे, असे अमेरिकेचे हवाई वाहतूक प्रशासनही सांगते. सक्ती मात्र करत नाही. खर्च वाढला तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक जीव जातील, हा त्यामागचा हिशेब.

नगर रस्ता किंवा सोलापूर रस्ता रोज पाहणाऱ्याला हा हिशेब खोटा म्हणवणार नाही. पण त्यातून निघतो तो स्वस्त आसनाचा मुद्दा. आसनच नको, असा नव्हे. मोठ्यांच्या झोपेसाठी रांगा राखून ठेवता येतात, तर आईच्या शेजारची एक जागा बाळाला अल्प दरात द्यायला काय हरकत आहे?