पीएफ न काढल्याचा न दिसणारा दंड

कल्याण पूर्वेच्या वस्त्यांत अर्ज भरून देताना निवृत्त कामगारांची पीएफ पासबुके आमच्या हाती येतात. पैसा खात्यात आहे, म्हणून घरचे निर्धास्त. पण 55 वर्षांनंतर निवृत्त झालेल्याने तीन वर्षांत अर्ज केला नाही, तर खाते निष्क्रिय होते आणि व्याज थांबते. अमेरिकेत 73व्या वर्षापासून निवृत्ती खात्यातून ठरलेली रक्कम काढली नाही, तर 25 टक्के दंडकर बसतो. वाजवी कारण दाखवले तर तो माफही होऊ शकतो. आपल्याकडे त्याला दंड म्हणतच नाहीत, मग माफी कुठली? आणि अर्ज रखडतो कशाने? पीएफमध्ये जुने आडनाव, आधारवर नवे, कंत्राटदार बेपत्ता. आळस आम्हाला क्वचितच दिसला. नावदुरुस्तीचे संयुक्त घोषणापत्र नोकरीत असतानाच भरून घ्या. मालकाची सही तेव्हाच मिळते.