विश्लेषण : ब्रेस्ट इम्प्लांटसह जगणे म्हणजे नेमके काय? शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांविषयी कमी का बोलले जाते?

ब्रेस्ट इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तासांत आटोपते. इम्प्लांट मात्र शरीरात दहा, पंधरा, कधी वीस वर्षे राहते. तरीही चर्चा होते ती आकाराची, खर्चाची आणि आधी-नंतरच्या छायाचित्रांची. त्यानंतरची झोप, स्पर्श, व्यायाम, तपासण्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता हा भाग बहुतेक वेळा बाजूला राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ऑक्टोबर २०२१ मध्ये ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला आणि डॉक्टरांनी प्रत्येक महिलेसमोर धोक्यांची यादी ठेवून तिची सही घ्यावी, असा नियम केला. त्यामागे इम्प्लांटसह जगणाऱ्या महिलांनी वर्षानुवर्षे मांडलेले अनुभव होते.

इम्प्लांट कोणाला आणि का बसवतात?

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात टिमी जीन लिंडसी या महिलेला बसवण्यात आले. शल्यविशारद होते थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो. आजही मूळ रचना तीच आहे. बाहेर सिलिकॉनचे आवरण आणि आत सिलिकॉन जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. इम्प्लांट स्तनाच्या ऊतीखाली किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात.

ते घेणाऱ्या महिलांचे दोन मोठे गट आहेत. एक गट स्तनांचा आकार वाढवू इच्छिणाऱ्यांचा. दुसरा कर्करोगामुळे किंवा कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्यामुळे स्तन काढावे लागलेल्यांचा. हॉलीवूड अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून पुनर्रचना करून घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा या दुसऱ्या गटाकडे जगाचे लक्ष गेले. वस्तू एकच असली, तरी दोन्ही गटांचा अनुभव बराच वेगळा असतो.

पहिले काही महिने कसे जातात?

सुरुवातीला दुखण्यापेक्षा ताण आणि दाब जास्त जाणवतो. छातीवर कोणी घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटते, असे वर्णन अनेक जणी करतात. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हा ताण अधिक असतो. पाठीवर झोपावे लागते. साधारण चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलायची नसते. म्हणजे पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर किंवा लहान मूल उचलणे बंद. कणीक मळणे, माळ्यावरचा डबा काढणे, लोकलमध्ये वरची कडी धरणे या साध्या कृतीही काही दिवस जड जातात. घरात मदतीला माणूस नसेल तर हा काळ कठीण होतो.

सुरुवातीला इम्प्लांट वर चढलेले आणि टणक दिसते. स्नायू सैल पडल्यावर काही महिन्यांत ते खाली येऊन स्थिरावते. त्यामुळे पहिल्या महिन्यात आरशात दिसणारा आकार अंतिम नसतो.

स्पर्श पूर्वीसारखा राहतो का?

अनेकींच्या बाबतीत काही काळ राहत नाही. शस्त्रक्रियेत लहान नसा ताणल्या किंवा कापल्या जातात. त्यामुळे स्तनाग्राभोवती बधिरपणा येतो, किंवा उलट साधा कपडा घासला तरी झोंबते. मधूनच विजेसारखी सणक जाते. बहुतेकींमध्ये हे काही महिन्यांत कमी होते. काहींच्या बाबतीत संवेदनेतला बदल कायम राहतो.

इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दंड-बैठका काढताना किंवा जड दरवाजा ढकलताना स्नायू आकसतो आणि स्तन वर किंवा बाजूला सरकल्यासारखे दिसते. आवरण पातळ त्वचेखाली असेल तर वाकताना सुरकुत्या हाताला लागतात. ही लक्षणे सहसा धोकादायक नसतात. पण आधी कल्पना दिली नसेल तर घाबरायला होते.

कर्करोगानंतरचा अनुभव वेगळा का असतो?

स्तन वाढवण्याच्या शस्त्रक्रियेत स्वतःची ऊती शाबूत असते आणि इम्प्लांट तिच्याखाली असते. स्तन काढल्यानंतर मात्र वर फक्त त्वचा आणि चरबीचा पातळ थर उरतो. त्वचेपर्यंत जाणाऱ्या बहुतेक नसा कापल्या गेलेल्या असतात. अशा महिलांना छातीच्या मोठ्या भागावर स्पर्श जाणवत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका बसल्याचे कळत नाही, म्हणून डॉक्टर ती टाळायला सांगतात. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे थंडीत किंवा पोहून आल्यावर ते गार पडते आणि उशिरा ऊबदार होते.

बऱ्याचदा पुनर्रचना दोन टप्प्यांत होते. आधी टिश्यू एक्स्पांडर नावाची पिशवी बसवतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात मिठाचे पाणी भरून त्वचा हळूहळू ताणतात. प्रत्येक भरणीनंतर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी होते. पुरेशी जागा झाली की एक्स्पांडर काढून कायमचे इम्प्लांट बसवतात. रेडिएशन घ्यावे लागले तर त्वचा आणि ऊती कडक होतात, आणि गुंतागुंतीचे प्रमाण वाढते.

तरीही कपडे नीट बसणे, ब्रामध्ये भरलेली गादी सरकण्याची धास्ती संपणे, आजाराची आठवण दर वेळी आरशात न दिसणे याला अनेकींच्या लेखी मोठे मोल आहे. काही जणी पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतीपासून स्तन तयार करून घेतात. काही जणी पुनर्रचना न करता सपाट छातीच स्वीकारतात. हे सगळे वैद्यकीयदृष्ट्या मान्य पर्याय आहेत.

महिलेला स्वतःला काय वाटते, हे मोजण्यासाठी २००९ मध्ये ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली आली. समाधान, मानसिक स्वास्थ्य, लैंगिक स्वास्थ्य यांवर त्यात प्रश्न होते. केवळ स्पर्श आणि संवेदना यांविषयीचा स्वतंत्र भाग तिच्यात बऱ्याच वर्षांनी जोडला गेला. दिसण्याला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे जाणवण्याला मिळाले नाही, हे यातून दिसते.

इम्प्लांट आयुष्यभर टिकते का?

नाही. एफडीएच्या इशाऱ्यातला हाच पहिला मुद्दा आहे. आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या महिलांपैकी सुमारे २० टक्के जणींना ते आठ ते दहा वर्षांत काढावे लागते, असे एफडीए सांगते. याचा अर्थ दहा वर्षे झाली की ते बदललेच पाहिजे असा नाही. पण जितका काळ जाईल, तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते.

सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक म्हणजे कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. परकी वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती पातळ कवच तयार करते. ते सगळ्यांमध्येच होते. काहींमध्ये हे कवच आकसते, स्तन घट्ट होते, आकार बिघडतो आणि दुखू लागते. डॉक्टर त्याची तीव्रता चार श्रेणींत मोजतात. चौथ्या श्रेणीत कुशीवर झोपणेही त्रासाचे होते. तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

दुसरी अडचण आवरण फाटण्याची. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फाटले तर स्तन लवकरच सपाट होते आणि लगेच कळते. सिलिकॉन जेल घट्ट असल्याने फाटल्यावरही जागच्या जागी राहते, आणि महिलेला काहीच जाणवत नाही. म्हणून सिलिकॉन इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावी, अशी एफडीएची शिफारस आहे. काही त्रास नसताना, स्वतःच्या खर्चाने ही तपासणी किती जणी करतात, हा खरा प्रश्न आहे.

धोके उघड होण्यास एवढा वेळ का लागला?

कारण पहिली तीस वर्षे इम्प्लांटवर पुरेसे नियंत्रण नव्हते. १९९२ मध्ये एफडीएने सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याचे सांगत सिलिकॉन जेल इम्प्लांटचा सर्वसाधारण वापर थांबवला. खटल्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे अभ्यासांत मोठ्या आजारांशी ठोस संबंध सापडला नाही आणि २००६ मध्ये अटींसह परवानगी मिळाली.

२०१० मध्ये फ्रान्समधील पीआयपी ही कंपनी वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत असल्याचे उघड झाले. जगभरात लाखो महिलांच्या शरीरात ते इम्प्लांट होते. कंपनीचे संस्थापक जाँ-क्लोद मास यांना २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये खरखरीत आवरणाच्या इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिंफोमाशी संबंध स्पष्ट झाला. तेव्हा एफडीएकडे जगभरातील ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. त्यांतील ४८१ रुग्णांमध्ये अ‍ॅलरगन कंपनीचे इम्प्लांट होते. एफडीएच्या विनंतीवरून कंपनीने बायोसेल प्रकारची उत्पादने जगभरातून परत मागवली. हा स्तनाचा कर्करोग नसून प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी अचानक सूज किंवा पाणी साचणे हे त्याचे मुख्य लक्षण. लवकर कळल्यास इम्प्लांट आणि कवच काढून बहुतेक रुग्ण बरे होतात.

‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ हा खरा आजार आहे का?

सततचा थकवा, सांधेदुखी, केस गळणे, पुरळ, विसराळूपणा अशी लक्षणे अनेक महिला सांगतात. यासाठी निश्चित तपासणी नाही आणि नेमके कारण सिद्ध झालेले नाही. हीच लक्षणे थायरॉइडच्या विकारात, रक्तक्षयात किंवा रजोनिवृत्तीच्या काळातही दिसतात. त्यामुळे अनेक जणींना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवले गेले. पण इम्प्लांट काढल्यावर बरे वाटल्याचे सांगणाऱ्या महिलाही मोठ्या संख्येने आहेत. कारण सापडले नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. एफडीएने २०२१ च्या इशाऱ्यात या लक्षणांचा समावेश केला, तो याच कारणाने.

स्तनपान आणि मॅमोग्राफीचे काय?

इम्प्लांट असतानाही अनेक जणी बाळाला अंगावर पाजतात. मात्र दूध कमी येण्याची शक्यता असते. मॅमोग्राफीत इम्प्लांटमुळे काही भाग झाकला जातो. त्यासाठी इम्प्लांट मागे सरकवून जादा प्रतिमा घेण्याची पद्धत आहे. म्हणून वेळ ठरवतानाच इम्प्लांट असल्याचे सांगावे. संकोचाने ते लपवले तर गाठ नजरेतून सुटू शकते.

भारतात काय स्थिती आहे?

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. त्या तुलनेत पुनर्रचना करून घेणाऱ्या महिला थोड्याच. ‘आता या वयात कशाला’ हा घरच्यांचा प्रश्न आणि खर्च ही त्याची प्रमुख कारणे. तमिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात स्तनांची मोफत शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा सरकारी पैसा यावर का, असा वाद झाला होता.

विम्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटींत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. ‘हे कॉस्मेटिक आहे’ असे सांगून दावा नाकारला गेल्यास पॉलिसीतील हे कलम दाखवता येते.

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करण्यासाठी देशात २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम आहे. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये मात्र प्रत्येक ब्रेस्ट इम्प्लांटची नोंद ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही आहे. एखादे उत्पादन परत मागवले तर ते कोणाच्या शरीरात आहे, हे अशा नोंदवहीतून शोधता येते. ती नसेल तर शोधण्याची जबाबदारी महिलेवरच येते. त्यासाठी कंपनी, प्रकार, आकार आणि अनुक्रमांक लिहिलेले इम्प्लांट कार्ड मागून घेणे आणि रुग्णालयाच्या फाइलबरोबर जपून ठेवणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी विचारण्यासारखे प्रश्नही तिथूनच सुरू होतात : इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरखरीत, स्नायूच्या वर बसवणार की खाली, आणि दहा वर्षांनी ते काढावे लागले तर खर्च किती येईल?