जेवायला घाबरणारी मुलगी



या सदरात आपण बियाणे, खते, कीड आणि कर्जाची कागदपत्रे यांविषयी बोलतो. गेल्या महिन्यात मात्र एका भगिनीचे चार पानी पत्र आले आणि त्यात पिकाचा एक शब्दही नव्हता. तिची मुलगी १९ वर्षांची, तालुक्याच्या गावी कॉलेजात जाते. दोन वर्षांपूर्वी जाड दिसते म्हणून तिने भाकरी अर्धी केली, मग भात सोडला, मग तूप, मग दूध. उपास वाढत गेले. पाळी बंद झाली म्हणून आधी बायकांच्या डॉक्टरकडे, पोटात दुखते म्हणून पुढे पोटाच्या डॉक्टरकडे, आणि मधल्या काळात एका देवऋष्याकडेही तिला नेऊन झाले. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा इस्पितळात रोग कळला. तीन आठवडे ठेवून घेऊन आता घरी सोडले आहे, आणि घरात तीन मते आहेत. आजी म्हणते, लग्न करून द्या, सासरी गेली की जेवेल. वडील म्हणतात, मागे लागू नका, भूक लागली की खाईल. आई विचारते, "साहेब, पुढचा इलाज कोणता? आणि सुगी आली की मी रानात. मग तिच्यापाशी कोण बसणार?"

मी शेतकीचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण पत्र बाजूला ठेवता येईना. मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोललो, थोडे वाचले, आणि समजले ते इथे लिहितो. गोळ्यांची मात्रा आणि तपासण्या ज्याच्या त्यानेच पाहाव्यात.

या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ च्या सुमारास हे नाव रूढ केले, म्हणजे हे काही आजकालच्या मोबाईलचे खूळ नव्हे. मोबाईलमधल्या बारीक मुलींची चित्रे त्यात भर घालतात, एवढेच. आपल्या देशातल्या डॉक्टरांना तर अशाही मुली भेटल्या, की ज्या "मला बारीक व्हायचे आहे" असे म्हणतच नाहीत. पोट भरल्यासारखे वाटते, घास उतरत नाही, जळजळते, असे सांगतात. मग घरचे पोटाचाच इलाज करीत राहतात, आणि त्यात महिने निघून जातात.

आता वडिलांचे म्हणणे पाहू. भूक लागली की खाईल, हे निरोगी माणसाला लागू आहे. उपाशी राहून राहून मेंदूच बिघडतो, तिथे हे चालत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, याचा प्रयोग केला होता. ३६ धडधाकट तरुण आपखुशीने तयार झाले. त्यांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास अन्न दिले. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरले. पण नवल पुढेच आहे. हे चांगले शिकलेले, हसते-खेळते तरुण चिडखोर आणि उदास झाले. कशात मन लागेना, सदा थंडी वाजे. दिवसरात्र डोक्यात अन्न. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी एका जेवणाला दोन-दोन तास लावू लागला, कोणी ताट चाटू लागला. पुन्हा खायला मिळाल्यावर काहींना आपले पोट आणि मांड्या सुटल्यासारख्या वाटू लागल्या. यांतल्या एकालाही आधी हा आजार नव्हता! आपल्या घरातली मुलगी इतरांना आग्रहाने वाढते, नवे पदार्थ करते आणि स्वतः घासाला घास लावीत नाही, त्याचा उलगडा इथे होतो. तिच्या हट्टापैकी पुष्कळसा भाग भुकेचाच असतो. वजन सावरल्याशिवाय समजुतीच्या गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. म्हणून पहिले औषध अन्न.

पण हे औषधही मापाने द्यायचे असते. २०१३ च्या दुष्काळात चारा छावण्या होत्या, तेव्हा ज्यांची जनावरे तिथे होती त्यांना सांगायला नको. खंगलेल्या बैलापुढे एकदम धान्याचे घमेले ठेवले तर त्याचे पोट आंबते आणि तो दगावतो. आधी वैरण, मग हळूहळू भरड. माणसात कारण वेगळे, पण धोका तसाच. महायुद्धानंतर सुटलेले काही उपासमारीचे युद्धकैदी पोटभर जेवल्यावर मरण पावले होते. अन्न एकदम वाढले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम ही द्रव्ये झपाट्याने उतरतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. फार खंगलेल्या मुलीला पहिले दिवस इस्पितळात ठेवून वरचेवर रक्त तपासतात ते यासाठी. या भगिनीच्या मुलीचा हा टप्पा झाला आहे. मात्र पुन्हा चक्कर, छातीत धडधड, पायाला सूज, नाडी फार मंद, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांतले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मनाच्या आजारांत माणूस दगावण्याचे प्रमाण ज्यांत सर्वांत जास्त, त्यांत हा आजार मोडतो.

इस्पितळातून घरी आल्यावर पुढे काय? हाच प्रश्न लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी घेतला होता. वजन सावरून घरी सोडलेल्या ८० रोग्यांपैकी काहींना वर्षभर एकटीला बसवून सल्ला दिला, तर काहींच्या सगळ्या कुटुंबाला बोलावून उपचार केले. १९८७ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांचा आजार १९ व्या वर्षाआधी सुरू झाला आणि तीन वर्षांहून कमी जुना होता, त्यांना कुटुंबासह केलेला उपचार जास्त लाभला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हाही तो लाभ टिकून होता. पत्रातली मुलगी १७ व्या वर्षी आजारी पडली, दोन वर्षे झाली. म्हणजे ही पद्धत तिच्यासाठी डॉक्टरांना आवर्जून विचारावी अशी आहे.

तिचा गाभा असा. आजार हा मुलीचा गुन्हा नव्हे आणि आईबापाचाही नव्हे. कीड पडली म्हणून आपण पिकावर रागावत नाही, तसे मुलगी वेगळी आणि आजार वेगळा धरायचा. सुरुवातीला काय आणि किती खायचे हे आईवडील ठरवतात आणि समोर बसून खाऊ घालतात. वजन सावरू लागले की जेवणाचा ताबा हळूहळू तिच्याकडे परत देतात. शेवटी तिचे शिक्षण, मैत्रिणी, तिची स्वतःची मते यांविषयी बोलणे होते. सहा महिने ते वर्षभरात वीसेक भेटी लागतात. हमखास गुण येतो असे मात्र नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (तो २०१० साली छापला गेला) उपचार संपल्यावर वर्षाने १०० पैकी साधारण ४९ जण पूर्ण बरे दिसले. एकेकट्याने उपचार घेतलेल्यांत हा आकडा २३ होता.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग पोरे, मग बायका. मुलगी वाढते, उष्टी काढते आणि "मी मागाहून जेवते" म्हणून चुलीपाशी राहते. दोन वर्षे तिचे ताट कोणी पाहिलेच नाही ते यामुळे. तेव्हा पहिला बदल इथेच करा. तिला पहिल्या पंगतीला बसवा आणि तिच्या शेजारी आईने स्वतःचे ताट घेऊन बसावे. सासूबाईंना हे जड जाईल, पण इलाज म्हणून सांगा. ताट आईने वाढायचे, मुलीने नाही. वेगळे काही शिजवायला नको. घरचीच भाकरी, कालवण, वरण-भात, वर तूप, दूध, शेंगदाण्याचा लाडू. किती ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे. जेवताना जेवणाविषयी वाद घालू नये, गावच्या गप्पा माराव्यात. ती रडेल, ताट सरकवेल. मारू नये, शपथा घालू नयेत, आमिष दाखवू नये. "हे तुझे औषध आहे, मी बसले आहे," एवढेच म्हणावे आणि खरोखर बसावे.

जेवणानंतर तासभर तिला एकटी सोडू नका. काही मुलींना तेव्हाच ओकारी काढायची सवय असते, काही भराभर चालायला निघतात. अशी मुलगी कामालाही फार चपळ दिसते. पाणी भरते, खुरपायला सर्वांच्या पुढे. आपण कौतुक करतो, पण तेही आजाराचे लक्षण असू शकते. किती काम करू द्यायचे ते डॉक्टरांना विचारा. वजन आठवड्यातून एकदाच, दवाखान्यात. घरच्या धान्याच्या काट्यावर रोज चढू देऊ नका. आणि "आता कशी अंगाने भरलीस!" हे वाक्य पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. आपण प्रेमाने म्हणतो, तिला ते "जाड झालीस" असे ऐकू येते. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार सध्या बंद. आजारी माणसाला उपासाची सूट आहेच. आजीने "तुझा उपास मी धरते" म्हटले तर फारच बरे.

दुसऱ्या प्रकारच्या मुली बाहेरून धडधाकट दिसतात. चोरून खूप खातात आणि ओकून टाकतात. त्याला बुलिमिया म्हणतात. दातांचे कवच झिजते, पोटॅशियम उतरते. त्यांच्यासाठी विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार उपयोगी पडतो. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या पद्धतीत वीसेक आठवडे, वीसेक भेटी लागतात. वजन कमी असेल तर त्याच्या दुप्पट. वेळेवर खाणे, खाल्लेले आणि तेव्हाचे मन वहीत टिपणे, हे त्यातले मुख्य काम. पत्रातल्या मुलीचे वय वाढत जाईल तसा हा उपचार तिलाही देता येतो. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी बुलिमियात डॉक्टर देतात. ॲनोरेक्सिया नुसत्या गोळीने बरा होत नाही. पाळी आणायच्या गोळ्यांनी रक्त जाते, पण म्हणून शरीर सावरले असे समजू नये. ठिसूळ झालेल्या हाडांना खरा आधार वजन वाढण्याचाच.

लग्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. आजारी मुलीचे लग्न करून देणे म्हणजे आजार दुसऱ्याच्या घरी लपवणे. तिथे ती पुन्हा शेवटच्या पंगतीला बसेल, आणि यावेळी ताट पाहणारी आई नसेल.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथून सुरुवात करावी. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, पैसे लागत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येते. फोनवर जेवण भरवता येत नाही हे खरे, पण जवळ कोणाकडे जावे हे ते सांगतात, आणि रात्री अकराला घाबरलेल्या आईशी बोलायला कोणीतरी असते.

राहिला सुगीचा प्रश्न. भगिनी, हिशेब मांडून पाहा. एक बाई रोजाने जास्त लावली तर सुगीभराची मजुरी किती होईल? पुन्हा तीन आठवडे इस्पितळात काढावे लागले तर किती? तेव्हा मजुरीण लावा आणि दुपारच्या जेवणाला तुम्ही घरी या, तासभर थांबून मग परत जा. सकाळची न्याहारी वडिलांकडे द्या. भूक लागली की खाईल म्हणणाऱ्या माणसाने आठ दिवस तिच्यासमोर बसून पाहिले की त्यांचे मत बदलेल. दोघांनी एकच सांगायचे, एकाने हो आणि दुसऱ्याने नाही असे होऊ द्यायचे नाही. कॉलेजचे म्हणाल तर नाव काढू नका. वजन टिकू लागले आणि डॉक्टरांनी होकार दिला की आधी अर्धा दिवस पाठवा, दुपारचा डबा तिथे कोणाबरोबर खाणार ते ठरवून.