स्वस्तातली सहल आणि लेकराची छाती

पावसाळा आला की महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टांच्या सवलतीच्या जाहिराती दिसू लागतात. ‘डॉक्टर, दोन वर्षांच्या बाळाला नेऊ का?’ असे तरुण आई-बाप दवाखान्यात विचारतात. रहिमतपूरहून जवळ, शिवाय स्वस्त, मोह होणारच.

पण दर का उतरतो, हे ध्यानात घ्यावे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पडला. भिंतींना ओल, गाद्यांना कुबट वास. ओलीतल्या बुरशीने दमेकरी मुलाची धाप वाढते. अशा मुलाला पाऊस सरल्यावरच न्यावे, मग चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

निरोगी मुलाला जरूर न्या. मात्र पैसे भरण्यापूर्वी एक विचारा: मूल आजारी पडल्यास पैसे परत मिळतील का, निदान तारीख बदलून मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सवलत मला महाग वाटते. पैसे बुडतील म्हणून तापाने फणफणलेले मूल घेऊन पसरणी घाट चढायला निघालेले पालक मी पाहिले आहेत. बुडाले तर बुडू द्या; त्या दिवशी मुलाला घरीच ठेवा.