विश्लेषण : ‘शॉर्ट स्टेम’ बसवल्यावरही खुब्याचे हाड विरळ का होते?

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात धातूचा दांडा म्हणजेच ‘स्टेम’ बसवतात. नेहमीचा दांडा साधारण १५० मिलिमीटरचा असतो. १२० मिलिमीटरपेक्षा आखूड दांड्याला ढोबळमानाने ‘शॉर्ट स्टेम’ म्हणतात. त्याने हाड वाचते, म्हणून तरुण रुग्णांना तो सुचवला जातो. तरीही शस्त्रक्रियेनंतर त्याच्याभोवतीच्या हाडाची घनता काही प्रमाणात घटतेच.

भार जातो कुठे?

हाडावर भार पडत राहिला तर ते टिकते. भार हटला की विरळ होते. जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हाडाची रचना भारानुसार बदलते, हा नियम मांडला. अंतराळवीरांची हाडे विरळ होतात तीही भार नसल्यामुळेच. खुब्यात प्रश्न आहे धातूच्या ताठपणाचा. हाडाच्या कठीण कवचाचा ताठपणा १५ ते २० गिगापास्कल, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११०. दोन्ही एकत्र जोडले की भाराचा मोठा वाटा धातू उचलतो, वजन दांड्यातून खाली उतरते आणि वरच्या हाडाला कामच उरत नाही. यालाच ‘स्ट्रेस शील्डिंग’ म्हणतात.

मग दांडा आखूड करून काय साधते?

भार हाडाच्या वरच्या भागातच उतरावा, ही अपेक्षा. ती बऱ्याच अंशी पुरी होते, पण पूर्णपणे नाही. कारण लांबी बदलली तरी धातू तोच राहतो. ‘डेक्सा’ तपासणीत घट मुख्यतः मांडीच्या हाडाच्या मानेखाली आतल्या बाजूला आणि बाहेरच्या उंचवट्यात दिसते. बहुतांश घट पहिल्या वर्षातच होते, नंतर ती सहसा स्थिरावते. ‘हाड वाचवणारा’ या विशेषणाचा खात्रीचा अर्थ एवढाच, की शस्त्रक्रियेच्या वेळी हाड कमी कापले जाते. पुढे ते किती टिकेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि रुग्णाला तो वेगळा करून सांगितला पाहिजे.

धोका कितपत?

बहुतेकांना त्रास होत नाही, दांडाही सैल होत नाही. चिंता दुसऱ्या शस्त्रक्रियेची असते. करोनाच्या उपचारात स्टिरॉइड घेतलेल्या, चाळिशीच्या आतल्या काही रुग्णांच्या खुब्याचे हाड मृत झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. या वयात सांधा बदलावा लागला, तर पुढे तो पुन्हा बदलण्याची वेळ येऊ शकते; तेव्हा नवा दांडा पकडायला हाड शिल्लक हवे. साध्या एक्स-रेमध्ये साधारण ३० टक्के घट होईपर्यंत फारसे काही दिसत नाही. त्यामुळे दुखत नसले तरी वेळच्या वेळी तपासणी करावी लागते आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे तुलनेसाठी जपून ठेवावा लागतो.