मामूंचं कुंपण

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामूंकडे जातो. कल्याणहून कसारा लोकल, आसनगावला उतरायचं आणि पुढे रिक्षा. शहापूर तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी मामूंची दोन एकर जमीन आहे. पावसाळ्यात भात, नंतर विहिरीच्या पाण्यावर भेंडी, काकडी आणि वाल. मुलांना तिथे मोकळं रान मिळतं आणि मला मुमानींच्या हातची तांदळाची भाकरी.

गेल्या वर्षीच्या सुट्टीत मात्र वेगळंच घडलं. फज्रची नमाज आटोपून मामू शेताकडे गेले होते. थोड्याच वेळात त्यांची हाक आली, "पक्कड आणि जुनी चादर घेऊन या, लवकर!" धावत गेलो तर काटेरी तारेच्या कुंपणाला एक भेकर लटकलेलं. मागचा एक पाय वरच्या दोन तारांच्या मध्ये अडकलेला, त्या दोन्ही तारांना पीळ बसून पाय आवळलेला, आणि पुढचे पाय व डोकं जमिनीवर. भेकर म्हणजे शेळीपेक्षाही लहान हरीण. भ्यालं की कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकत होतं आणि सुटायला जितकी धडपड करत होतं तितकी तार घट्ट होत होती.

आरडाओरडा ऐकून चारपाच माणसं जमली. त्यातला एक जण म्हणाला, "चाचा, तडफडून मरण्यापेक्षा बिस्मिल्लाह म्हणून जबह करून टाका. जनावर हलाल आहे." मामूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जनावर हलाल आहे, पण ते माझं नाही. आणि कायद्याने त्याला हात लावायची मनाई आहे." ते बरोबरच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्याचं मांस घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. जनावर आपल्या शेतात आलं म्हणून ते आपलं होत नाही.

मामूंनी भेकराच्या डोळ्यांवर चादर टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावला. फोन लावताना त्यांचा हात थरथरत होता. मुमानी हळूच म्हणाल्या, "आपल्यावरच केस झाली तर?" ही भीती खेड्यापाड्यांत सगळ्यांनाच असते, म्हणून पुष्कळ लोक गुपचूप खड्डा खणून मोकळे होतात. पण साध्या तारेचं कुंपण घालणं हा गुन्हा नाही, आणि खबर देणाऱ्याला लपवायचं काही कारण नसतं. वनरक्षक आले. दोघांनी तार दोन्ही बाजूंनी धरून ठेवली, मग तिसऱ्याने ती कापली, कारण ताणलेली तार अचानक सुटली तर माणसाचा डोळाही जाऊ शकतो. भेकर उठलं, दहा पावलं चाललं आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसलं. आम्हाला वाटलं, वाचलं. जुहरपर्यंत ते मेलं.

जखम फार मोठी नव्हती. मग मेलं कसं? वनरक्षकाने समजावलं की हरणाच्या जातीला भीतीच मारते. फार वेळ धडपड केली की स्नायू आतून निकामी होतात, त्याचं विष रक्तात उतरतं आणि सुटका झाल्यावरही जनावर काही तासांत किंवा काही दिवसांत दगावतं. म्हणून डोळे झाकणं, गर्दी हटवणं आणि शांतता ठेवणं हे पहिलं काम. मोबाइलवर व्हिडिओ काढत जवळ जाणं म्हणजे त्याच्या मरणाला हातभार लावणं.

त्या रात्री मामू नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "कुंपण काढलं तर डुक्कर पीक खातं, ठेवलं तर भेकर मरतं. तू मास्तरीण आहेस ना, सांग मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात उर्दू शिकवताना ‘ग़ज़ाल’ शब्द आला की मी मुलांना हरणाच्या डोळ्यांबद्दल सांगते, तारेबद्दल कधी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर मी या विषयावर वाचायला सुरुवात केली. जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवते, कारण ठाणे, कल्याण, भिवंडीत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन आहेच.

पहिली गोष्ट, हरणाला तार नीट दिसत नाही. त्याचे डोळे बाजूला असल्याने त्याला आजूबाजूचं खूप दिसतं, पण पहाटेच्या अंधुक उजेडात बारीक तार लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट उडीची. उडी मारताना हरीण मागचे पाय पोटाखाली पुढे ओढून घेतं. उडी थोडी कमी पडली की खूर वरच्या दोन तारांच्या मध्ये शिरतो, अंग पलीकडे पडतं आणि तारा एकमेकींवर पिळल्या जातात. मामूंच्या कुंपणावर नेमकं हेच झालं होतं. तिथे वरच्या दोन तारांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं.

अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरांच्या कुरणांना हजारो मैल तारेची कुंपणं आहेत. तिथल्या कोलोरॅडो आणि युटा राज्यांतल्या रस्त्यालगतच्या कुंपणांची संशोधकांनी पाहणी केली. दर अडीच मैलांच्या, म्हणजे चार किलोमीटरच्या, कुंपणात वर्षाला सरासरी एक जनावर अडकून मरत होतं. याशिवाय तारेत न अडकताही कुंपणाच्या कडेला मेलेली जनावरं सापडली, आणि त्यांतली दहापैकी नऊ पाडसं होती. आई उडी मारून पलीकडे जाते, पाडसाला उडी जमत नाही, ते तारेच्या कडेने फिरत राहतं आणि उपाशी मरतं. हे वाचताना मला बाजारात हात सुटलेलं मूल आठवलं.

सगळी हरणं उडी मारतात असंही नाही. अमेरिकेतला प्रॉन्गहॉर्न हा हरणासारखा प्राणी धावण्यात फार वेगवान, पण कुंपण आलं की तो उडी मारत नाही, खालून सरपटत जायला बघतो. खालची तार जमिनीलगत असेल तर तो तिथेच अडतो. तो मोकळ्या माळावरचा प्राणी, वाटेत उडी मारावी असं काही त्याच्या पूर्वजांना भेटलंच नव्हतं. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नज आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या माळावर काळवीट आहेत. काळवीट उंच उडी मारण्यात पटाईत, तरीही तारेखालून वाट मिळाली तर तेही वाकून जाणं पसंत करतं.

तिकडच्या अनुभवातून काही मापं ठरली आहेत. वरची तार ४० इंचांपेक्षा उंच नसावी. वरच्या दोन तारांमध्ये निदान १२ इंच अंतर असावं. खालची तार जमिनीपासून १६ ते १८ इंच वर असावी. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तार बिनकाट्याची असावी. मी आनंदाने ही मापं मामूंना फोनवर सांगितली. ते हसले. "खाली दीड फूट सोडलं तर डुकरांची वरात आत येईल." त्यांचं खरं होतं. तिकडे कुंपण गुरांना आत ठेवण्यासाठी असतं, आपल्याकडे रानातल्या जनावरांना बाहेर ठेवण्यासाठी. विदर्भात रोही, आपल्याकडे डुक्कर आणि माकड. एका रात्रीत महिन्यांची मेहनत जाते, तेव्हा शेतकऱ्याला भूतदयेवर व्याख्यान देणं सोपं नाही.

आणि हा प्रश्न आजचाही नाही. पवित्र कुरआनात हजरत दाऊद (अ.स.) आणि हजरत सुलैमान (अ.स.) यांच्यासमोर आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. रात्री कुणाच्या तरी मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक फस्त झालं. भाष्यकारांनी सांगितलं आहे की हजरत दाऊद (अ.स.) यांनी भरपाई म्हणून मेंढ्या शेतकऱ्याला देण्याचा निर्णय दिला. हजरत सुलैमान (अ.स.) यांनी दुसरा मार्ग सुचवला: मेंढ्यांच्या मालकाने शेत पूर्वीसारखं होईपर्यंत कसावं, तोवर शेतकऱ्याने मेंढ्यांचं दूध आणि लोकर घ्यावी, मग ज्याचं त्याला परत. नुकसान झालं हे मान्य केलं गेलं, त्याची भरपाईही झाली आणि कुणी कायमचं बुडालंही नाही. रानातल्या जनावराला मालक नाही, म्हणून आज ही जबाबदारी सरकारची आहे. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. नुकसान झाल्याबरोबर तक्रार करायची, पंचनामा करून घ्यायचा. हा हक्क आहे, तो सोडू नये.

दुसरीकडे, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे की माणसाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या पिकातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खातं ते त्या माणसासाठी सदका ठरतं. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा तर त्यांनी ईमानचाच एक भाग सांगितला. आणि मदीना शहराभोवतीचा परिसर त्यांनी हरम ठरवला, तिथे शिकार करायला आणि झाडं तोडायला मनाई केली. रानातल्या जिवाला वाट आणि जागा देणं ही आपल्यासाठी परकी कल्पना नाही.

वाट फक्त शेतात अडते असंही नाही. ठाण्यात येऊर आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल एका बाजूला, घोडबंदर रस्त्यापलीकडे नागला, आणि खाडीच्या पल्याड तुंगारेश्वर. मध्ये रस्ते, भिंती आणि आपल्या इमारती. चितळ, सांबर आणि भेकर आता तुकड्यातुकड्यांत राहतात. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, शेवटी शहापूर आणि कल्याण तालुक्यांतून भिवंडीजवळ आमणेला येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत आणि कुंपण आहे, म्हणून जनावरांसाठी जागोजागी खालून आणि वरून मार्ग ठेवले आहेत. असे मार्ग जनावरं वापरतात का? नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ मार्ग बांधले आहेत, सर्वांत लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघांसह १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. सर्वांत जास्त वेळा टिपलं गेलं ते चितळ. वाट ठेवली तर हरीण ती शोधतं.

मग मामूंनी काय केलं? मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे तिकडे होतो. आधी दोन एकरांभोवतीचं कुंपण कमी केलं. भाजी असते तेवढाच तुकडा बंदिस्त ठेवला, त्याला खालून डुकरासाठी घट्ट जाळी लावली. सर्वांत वरची काटेरी तार काढून टाकली आणि तिच्या जागी बांबू आडवे बांधले. बांबू लांबून दिसतो आणि त्याला पीळ बसत नाही. ओहोळाकडे जाणारी बाजू पूर्ण मोकळी सोडली, कारण जनावरं त्याच बाजूने पाण्यावर येतात. बांधावर जुनी, गंजलेली, लोंबकळणारी तार होती, ती मुलांनी गुंडाळून भंगारात दिली. सैल पडलेली तार सर्वांत वाईट, तिला कुणी राखण म्हणत नाही आणि जनावर मात्र तिच्यातच अडकतं.

सौर कुंपणाचीही चौकशी केली. त्यात बॅटरीतून थांबून थांबून क्षणभराचा झटका येतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं लागतं. मामूंचा अर्ज तयार आहे. मात्र वाडीतल्या एकाने सुचवलेला सोपा उपाय त्यांनी तिथल्या तिथे नाकारला: विजेच्या खांबावरून सरळ तारेत करंट सोडायचा. तो गुन्हा आहे, आणि अशा तारेला चिकटून राज्यात माणसंही मेली आहेत, कधी शेजारी, कधी स्वतः शेतमालक.

यंदा दिवाळीला पुन्हा गेलो होतो. डुकरांनी एका कोपऱ्यातली जाळी उचकटून काकडीचे चार वेल खाल्ले. मुमानी त्याबद्दल बरंच बोलल्या. पण ओहोळाच्या बाजूला चिखलात भेकराचे लहान लहान खूर उमटलेले दिसले, आत आलेले आणि बाहेर गेलेले. मामूंनी ते माझ्या मुलीला बोट दाखवून मोजायला लावले.

गावी गेलात तर आपल्या बांधावरून एक फेरी मारा. लोंबणारी तार दिसली तर गुंडाळून ठेवा, मुलांना सोबत घ्या, आणि १९२६ हा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.