घराची जागा जुलैत ठरवा

दिवाळी झाली की कोकणात प्लॉट बघायचा हंगाम सुरू होतो आणि तो आंब्याच्या शेवटच्या पेटीपर्यंत चालतो. या आठवड्यात पुरवण्यांमधल्या जाहिराती एकापाठोपाठ एक वाचल्या आणि एक गोष्ट खटकली ती खटकलीच. दहा गुंठे असोत की दोन एकर, प्रत्येक चित्रात घर जमिनीच्या ऐन माथ्यावर नाहीतर ऐन मध्यावर, तोंड पश्चिमेला, आणि आभाळ असं निळं की त्या तालुक्यात पाऊस पडतच नसावा. चित्रात काय वाटेल ते दाखवावं, त्यांचा तो धंदाच आहे. पण घरं खरोखरच तशी बसवली जातात. जमीन जानेवारीत बघितली जाते, संध्याकाळी पाचच्या सुमारास. छान वारा सुटलेला असतो, माथ्यावर उभं राहून कुणीतरी ‘बस, इथंच’ म्हणतं आणि आर्किटेक्ट त्या ‘इथंच’भोवती चौकोन काढतो. माझं म्हणणं एवढंच की निदान सह्याद्रीच्या पश्चिमेला तरी घराची जागा पाण्याला विचारून ठरवावी, आणि पाणी जानेवारीत भेटत नाही. जागा जुलैत ठरवावी. दिशा, देखावा आणि गाडी त्यानंतर.

कागदपत्रांचं एका दमात उरकतो, कारण ते प्रत्येकाला चार जणांनी सांगून झालेलं असतं. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, सातबारा आणि फेरफार बघायचे, मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करायचे, येण्याजाण्याचा रस्ता कागदावर आहे की नुसता तोंडी ते तपासायचं, बिगरशेतीचं काय ते विचारायचं. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड. नदी असेल तर पूररेषा, निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे सगळं कागदावर सापडतं, वकील बघून देतो. कागदावर न सापडणारी गोष्ट मात्र वकिलाला विचारून उपयोग नाही.

कोकणातली जमीन वरून दिसते तशी आत नसते. वर जांभा असतो, भोकाभोकांचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्याखाली चिकणमातीचा थर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून खाली झिरपतं, चिकणमातीशी अडतं आणि मग आडवं चालू लागतं, ते उताराच्या कुशीत कुठंतरी बाहेर फुटेपर्यंत. मे महिन्यात जिथं वाळकं गवत आणि करवंदाची एखादी जाळी असते, तिथंच जुलैच्या मध्यात बोटभर जाडीची धार वाहताना दिसते, कडेला नेचे उगवलेले असतात आणि पाऊल टाकलं की चप्पल रुतून बसते. अशा जागेवर जोतं उभं राहिलं की पाणी काही वाट बदलत नाही, ते जोत्याखालून जातं. भिंत हातभर उंचीपर्यंत ओली, फरशीच्या सांध्यांतून पाझर, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचा दर वर्षीचा रतीब. त्यावर उपाय म्हणून सांगितलं जातं की उतारच कापून सपाट करा. मग जेसीबी येतो. दोन दिवसांत तो मागच्या बाजूला दहा फुटांची उभी मातीची भिंत तयार करून जातो, आणि तो पाझर बरोबर त्या भिंतीतून बाहेर पडतो. दरडी कुठं कोसळल्या ते आठवावं: जुई आणि दासगाव, जुलै 2005. माळीण, 30 जुलै 2014. तळिये, 22 जुलै 2021. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. या गावांतले डोंगर वेगवेगळे, उतार वेगवेगळे, कारणांवर तज्ज्ञांचे मतभेदही आहेत. ती गावं प्लॉटवाल्यांची नव्हती, हेही खरं. पण तुफान पाऊस आणि भिजून जड झालेला उतार या दोन गोष्टी चारही वेळा होत्या, आणि महिना तर एकच. उताराचा पायथा कापणं म्हणजे त्या जड झालेल्या मातीचा टेकू काढून घेणं. यासाठी डोंगर फार मोठा लागतो असंही नाही, स्वयंपाकघराच्या मागच्या दरडीएवढा पुरतो.

जुन्या वाड्या कुठं आहेत ते बघितलं तर हे सगळं कुणीतरी आधीच तपासून ठेवल्यासारखं दिसतं. वर सडा, तिथं गुरं चरायची. खाली मळा, तिथं भात. घरं या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, सौम्य उतारावर, व्हाळापासून अंतर राखून, उताराला आडवी. भाताच्या खाचरात कुणी घर बांधत नव्हतं, कारण तिथं भात होत होता. आणि सड्याच्या टोकावरही बांधत नव्हतं, कारण तिथं ना पाणी ना आडोसा. वास्तुकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये ‘अ पॅटर्न लँग्वेज’ नावाचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यात एक सल्ला असा आहे की जमिनीचा सर्वांत चांगला तुकडा मोकळा ठेवावा आणि घर वाईट तुकड्यावर बांधावं. सल्ला मोलाचा आहे, पण इकडं त्याला एक पुरवणी जोडावी लागते. पिकाला वाईट आणि घराला वाईट हे वेगळे प्रकार आहेत. खडकाळ, माती कमी असलेला, कलमं नीट न धरणारा तुकडा पिकाला वाईट पण पायाला उत्तम. पाझराचा, दलदलीचा तुकडा दोघांनाही वाईट. तो ओळखायचा तर जुलैत छत्री घेऊन हिंडण्याला पर्याय नाही. वास्तुकार लॉरी बेकर स्वस्त बांधकामाबद्दल लिहिताना सांगत असे की घराची लांबी समउंचीच्या रेषेला धरून ठेवावी, म्हणजे खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात. तो स्वतः तिरुअनंतपुरमला खडकाळ उतारावरच राहिला.

आता आक्षेप. पहिला अर्थातच वास्तुशास्त्राचा, की जमिनीचा उतार पूर्वेकडे नाहीतर उत्तरेकडे हवा, दक्षिण-पश्चिम उंच हवी, घर नैऋत्येला सरकवून ईशान्य मोकळी ठेवावी. हा नियम देशावर बसतो. गोदावरी, भीमा, कृष्णा साऱ्या पूर्वेला जातात, मुलूखच तिकडं कललेला आहे. घाट उतरून खाली आलं की मुलूख उलटा कलतो, पाणी पश्चिमेला समुद्राकडं जातं. एखाद्या सड्याची पूर्वेकडची बाजू सोडली तर कोकणातल्या बहुतेक जमिनी या नियमाने अशुभ ठरतील, आणि मग पेणपासून बांद्यापर्यंत पिढ्यानपिढ्या माणसं नांदली ती कशी, याचं उत्तर द्यावं लागेल. परंपरेत अनुभव नाही असं मी म्हणत नाही. दक्षिण-पश्चिमेच्या भिंती जाड ठेवा, तिकडं झरोके कमी ठेवा, यात ऊन-पावसाचं शहाणपण उघड दिसतं. शिवाय या परंपरेची सुरुवात मातीपासून होते, दिशांची पाळी नंतर येते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हातभर खड्डा खणून तीच माती परत भरून बघायला सांगितलं आहे, उरली तर उत्तम, कमी पडली तर वाईट. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावलं चालून येईपर्यंत ते किती उतरलं, तेही बघायचं आहे. आजचे सल्लागार होकायंत्र घेऊन येतात, कुदळ घेऊन आलेला ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप देखाव्याचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. समुद्र दिसावा म्हणून तर माणूस एवढे पैसे मोजतो, त्याला मधल्या पट्ट्यात, झाडांच्या आड जाऊन बस म्हणायचं का? अडचण अशी की कोकणात देखाव्याची दिशा, मोसमी वाऱ्याची दिशा आणि दुपारच्या उन्हाची दिशा जवळजवळ एकच आहे. रत्नागिरीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेची भिंत छपराच्या सावलीत सहज राहते. पश्चिमेच्या भिंतीला मात्र उतरतं ऊन आडवं लागतं, तिथं कितीही छज्जा काढा, पुरत नाही. आणि जूनमध्ये त्याच भिंतीवर पाऊस आडवा येतो. जुनी घरं पश्चिमेला खोल पडवी ठेवत आणि आगोटीला तिला झावळ्यांच्या झडी बांधत. आताचे बंगले तिथं जमिनीपासून छतापर्यंत सरकती काच लावतात, आणि पाऊस सुरू झाला की त्या काचेवर बाहेरून निळी ताडपत्री येते. चार महिने कोट्यवधीच्या देखाव्यासमोर ताडपत्री फडफडत असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांवरची पत्रे-कौलं उडाली. वादळापुढं आडोशातली घरंही टिकतील अशी हमी नाही, उलट घराला खेटून असलेलं नारळाचं झाडच छपरावर येतं. पण उघड्या माथ्यावर वारा बाराही महिने जास्त, हे सांगायला वादळ लागत नाही. देखावा हवाच असेल तर माथ्यावर एक बाकडं टाकावं, फार तर चार खांबांवर कौलारू छप्पर. संध्याकाळी चालत जाऊन बसावं. घरात बसून चोवीस तास समुद्र बघणारं कुणी नसतं, आठवडाभरानंतर सगळे मोबाइल बघतात.

तिसरा आक्षेप वेळेचा. एक पावसाळा वाट बघायची म्हणजे बांधकामाचा दर वाढणार, कर्जाचं व्याज चालू राहणार, आणि शिवाय हल्ली टोटल स्टेशनने समउंचीचा नकाशा चार दिवसांत मिळतो, मग जुलैची गरज काय? नकाशा जरूर करावा. पण तो उंची दाखवतो, पाझर दाखवत नाही. भूगर्भतज्ज्ञाला आणलं तर तो बरंच सांगू शकेल, पण त्याला आणण्याइतका विचार करणारा माणूस बहुधा पावसाळाही थांबतो. आणि वाया जातो असं काय? जमीन दिवाळीनंतर घेतली, तर मोजणी, परवानग्या, विजेच्या खांबांचा अर्ज, विहिरीचा किंवा बोअरचा निर्णय यात मे उजाडतोच. कोकणात जून ते सप्टेंबर पायाचं काम कुणी शहाणा काढत नाही. म्हणजे थांबायचं असतंच. ते थांबणं मुंबईत बसून करायचं की त्या जमिनीत चार फेऱ्या मारून, एवढाच प्रश्न. त्याच फेऱ्यांत शेजाऱ्याची विहीर कुठं आहे हेही दिसतं. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि तिच्या खालच्या अंगाला असावा, असं सार्वजनिक आरोग्याची पुस्तकं सांगतात. आपल्या विहिरीपुरतं हे सगळे पाळतात. उताराखालची विहीर दुसऱ्याची असते, म्हणून ती नकाशात नसते.

खरं तर हल्ली घराची जागा वास्तुशास्त्र ठरवत नाही आणि देखावाही ठरवत नाही, गाडी ठरवते. गाडी दाराशी यायला हवी, आली की वळायला हवी. साध्या गाडीला वळायला पाचेक मीटरची त्रिज्या लागते, म्हणजे गोल धरला तर आठशे चौरस फुटांच्या आसपास सपाट जागा. मुंबईत दोन बेडरूमचं घर एवढ्यात बसतं. उतारावर एवढं सपाट करायचं तर घरापेक्षा गाडीसाठी जास्त माती हलते, आणि वर पोचायला जो रस्ता कापला जातो तो नेमका सरळ, तीव्र, पावसाचं सगळं पाणी घेऊन खाली येणारा. गाडी खालीच रस्त्याच्या कडेला ठेवावी आणि चिऱ्याच्या पायऱ्यांनी चढून यावं, हे मला मनापासून आवडेल, पण त्याला उत्तर तयार असतं आणि ते बिनतोड आहे. म्हातारी माणसं, तांदळाची पोती, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि रात्री दोन वाजता लागणारी रुग्णवाहिका. तेव्हा रस्ता दारापर्यंत काढावाच, पण उताराला तिरका, हळूहळू चढणारा, आणि डोंगराच्या अंगाला गटार असलेला. त्या गटाराचं पाणी कुठं सोडायचं हे आराखडा पंचायतीत जाण्याआधी खालच्या खाचराच्या मालकाकडं जाऊन ठरवावं. त्याला भेटायलाही जुलैच बरा, कारण तेव्हा तो लावणीसाठी शेतातच सापडतो.